भुऱ्याची पाठ आणि जनाचा शब्द

टेप, म्हणजे वाटेतली टेकडी, चढून आम्ही थांबलो तेव्हा माझा खांदा सोलवटून निघाला होता. पुढं जना, मागं मी, दोघींच्या खांद्यावर एक बांबू, बांबूला जुन्या लुगड्याची झोळी आणि झोळीत आमचा भुऱ्या. धसईहून निघालो तेव्हा ऊन कोवळं होतं. आता ते चांगलं पाठीवर बसलं होतं, आणि जनाची वाडी अजून ओढ्याच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीत होती.

"खाली ठेवूया का जरा?" मी म्हटलं.

"ठेव. पण दोघींनी एकदम. त्याची पाठ वाकाया नको."

आम्ही झोळी गवतावर टेकवली. भुऱ्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा पुढच्या पायांवर ठेवली. मागचे पाय जसे पडले होते तसेच पडून राहिले.

आमच्या भागात झोळी कुणाला नवी नाही. वाडीवर रस्ता नाही, म्हणून आजारी माणूस असाच बांबूला टांगून खाली आणतात. त्यामुळं वाटेत भेटेल तो अदबीनं बाजूला होत होता. टेपावर एक म्हातारा गवताचा भारा घेऊन उतरत होता. झोळी बघून त्यानं भारा उतरवला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"कोण आजारी हाय गो, जने?"

"हाय एक म्हातारा."

"डॉक्टरनं परत पाठवला?"

"हां."

"अरेरे. काय झालं त्याला?"

"कंबर गेली."

"वय काय असंल?"

"बारा."

म्हातारा गडबडला. पुढं होऊन त्यानं झोळीत डोकावलं, तर भुऱ्यानं त्याचा हात चाटला.

"तुझ्या आयला तुझ्या! म्हणजे मी टोपी काढली ती कुत्र्यासाठी?"

"काढलीस ते बरं केलंस," जना म्हणाली. "ह्यानं बारा वर्सं खळं राखलंय. तू एक रात जागलास का रं कधी?"

म्हातारा हसत हसत भारा उचलून गेला. मला मात्र हसू येईना. त्या झोळीत नुसता कुत्रा नव्हता. आदल्या बाजारी जना जे बोलून बसली होती, त्याचंही वजन आमच्या खांद्यांवर होतं.

ही गोष्ट दोन हजार तीन सालच्या भादव्यातली. मी धसईजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवत होते. माझे सासरे कुंडलिकमामा भाताची शेती करायचे, माझे यजमान मुरबाडला कारखान्यात होते. जना म्हणजे वरच्या ठाकरांच्या वाडीतली. बुटकी, काळीसावळी, मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेली, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. चालायला लागली की तिच्या मागं धावावं लागायचं. बाजारात ती रानभाजी विकायची, पण आख्ख्या मुरबाड तालुक्यात तिची ओळख वेगळीच होती. म्हाताऱ्या कुत्र्याची पाठ गेली, मागचे पाय ओढायला लागला, तर लोक म्हणायचे, जनाकडं न्या.

भुऱ्या आमच्या खळ्याचा राखण्या. भात कापून खळ्यावर आलं की झोडणी होऊन कणगीत पडेपर्यंत तो तिथून हलायचा नाही. रानडुक्कर असो, भुरटा चोर असो, भुऱ्या भुंकला की मामा उठायचे. दोन हजार दोन साली आम्ही नवं घर बांधलं आणि पडवीला गुळगुळीत लादी घातली. भुऱ्या म्हातारा झालाय, गोठ्यात गारठतो, म्हणून मायेनं त्याला पडवीत घेतलं. ती मायाच नडली. लादीवर त्याचे पाय फाकायचे, उठताना घसरायचे. वरून आम्ही सगळे त्याला चहाबरोबर बिस्किटं घालायचो. तो फुगला. आषाढात मागचे पाय लुळे पडायला लागले आणि श्रावणात तो नुसता पुढच्या पायांवर ओढत फिरायला लागला.

मामांनी आपल्या समजुतीनं उपाय केला. बैलाच्या खांद्याला, माणसाच्या कमरेला लावतात तसा भुऱ्याच्या पाठीला बिब्बा लावला. बैल काही आपली पाठ चाटत नाही. कुत्रा चाटतो. दुसऱ्या दिवशी भुऱ्याचं तोंड सुजून भोपळ्याएवढं झालं. पाणीसुद्धा घेता येईना. ती सूज उतरायला आठवडा गेला. त्या आठवड्यात मामांनी मनाशी ठरवलं.

आमच्या घराण्यात एक रीत होती. राखण्या कुत्रा डोंगराचा, असं जुनी माणसं म्हणायची. तो थकला की खळ्यावर मरू द्यायचा नाही, डोंगराला परत द्यायचा. म्हणजे रानात नेऊन, वाघोबाच्या नावानं नारळ फोडून सोडून यायचं. मामांच्या वडिलांनी एक सोडला होता, आज्यानंही सोडला होता. मामा निर्दय नव्हते. भुऱ्याला ओढत चालताना बघून ते तोंड फिरवायचे. पण रीत ती रीत. मी देवघरात दिवा लावताना रोज मागायचे की मामांच्या मनातून हे जाऊ दे. तोंडानं बोलायची सुनेची काय टाप!

बोलली ती जना. धसईच्या बाजारात मामा नारळ घेत होते आणि शेजारी जना करटुल्यांची पाटी घेऊन बसली होती. मी भाजी निवडत होते.

"नारळ कुणाला, कुंडलिकदादा?" तिनं विचारलं.

"भुऱ्याला डोंगराला देतो."

"डोंगरानं मागितला का?"

मामा चिडले. "तुला काय करायचंय जने? रीत हाय ती."

"वाघोबाला हवा असंल तर तो खाली येऊन घेऊन जाईल. बिबट्या कधी विचारून नेतो का? तुमी कशाला पोचवाया जाता?"

आजूबाजूचे हसले. पलीकडं सुकी मासळी घेऊन बसलेली हिराबाई बाजारातली सगळ्यात तिखट जिभेची. ती म्हणाली, "ने की मग तूच, जने! म्हाताऱ्या कुत्र्यांना परत तरणं करतेस म्हनं. माझ्या नवऱ्याला पण घेऊन जा, तो पण उठत नाय!"

"तुझा नवरा नको. त्याची कंबर नाय गेली, त्याला फुकटचं मिळतंय," जना म्हणाली. मग मामांकडं वळली, आणि तिचा आवाज बदलला. "दादा, दसऱ्यापर्यंत थांबा. दसऱ्याला भुऱ्या सोताच्या पायांनी तुमच्या आंगणात येईल. नाय आला, तर वाघोबाच्यानं सांगते, त्यापुढं मी कुठल्याच कुत्र्याला हात लावणार नाय. मग तुमी नारळ फोडा नायतर काय करायचं ते करा."

मामांनी नारळ पिशवीत टाकला. "दसऱ्यापर्यंत," ते म्हणाले. "पुढं एक दिवस नाय."

जनाची एक अट होती. आधी मुरबाडच्या जनावरांच्या दवाखान्यात दाखवायचं. "हाड मोडलं असंल तर माझ्या पाल्याचं काम नाय," ती म्हणाली. डॉक्टरांनी भुऱ्याला नीट तपासलं. हाड मोडलेलं नाही, मणक्यात शीर दाबली गेली आहे, वय झालंय, असं सांगितलं. दुखणं कमी व्हायच्या गोळ्या दिल्या आणि घसरू देऊ नका म्हणाले. जनानं ऐकून मान हलवली. "तेच मी म्हणते. लादीवर हा जन्मात उभा ऱ्हाणार नाय. माझ्या वाडीवर शेणानं सारवलेली जमीन हाय, ओढा हाय. तिकडं न्यायचा." म्हणून ती झोळी, आणि म्हणून माझा सोललेला खांदा.

त्या दिवशी टेपावरून पुढं ओढा उतरताना मी तिला विचारलं, की माणसांचं सोडून तू कुत्र्यांचंच औषध का करतेस.

"माणसांचं माझ्याकडं दिलंच नाय," ती म्हणाली, आणि पाण्यात पाय टाकत टाकत सगळं सांगितलं.

तिचा बाप धाऊ. हाडाचा, शिरेचा जाणता. लांबून लांबून लोक यायचे. पण विद्या जायची ती पोराकडं. पोरगी लग्न होऊन दुसऱ्या घरी जाणार, तिला सांगितलं तर औषध त्या घरी जातं, अशी समजूत. म्हणून धाऊनं जनाच्या भावाला, बुधूला, शेजारी बसवून शिकवलं. जना चुलीशी बसून बघायची. तिनं एकदा लंगड्या शेळीला हात लावला तर बापानं फटकावलं. दूध देणाऱ्या जनावराचं औषधही पोराचंच. मग त्यांच्या दारचा कुत्रा पाठीतून गेला. जनानं भीत भीत विचारलं, ह्याला करू का? बाप म्हणाला, "कर. कुत्र्याचं कोण विचारतंय."

"तवा मला वाटलं, बरं झालं," जना मला म्हणाली. "कुणी विचारत नाय तिथं आपल्याला कुणी थांबवत पण नाय."

पुढं लग्न झालं, नवरा लवकर गेला, ती माहेरच्या वाडीत परत आली. बुधू माणसांचं बघायचा, ही कुत्र्यांचं. आधी वाडीतले लोक तिला कुत्र्यांची वैदीण म्हणून चिडवायचे. नव्वदनंतरच्या वर्षांत कधीतरी कसाऱ्याचा भगीरथ नावाचा गँगमन आला. घाटात रुळांची पाहणी करताना त्याच्याबरोबर रोज चालणारी त्याची कुत्री, तिची पाठ गेली होती. यष्टीत घेईनात, म्हणून त्यानं तिला पोत्यात घालून, वर कोथिंबीर ठेवून आणली होती. जनानं तिला ठेवून घेतलं. ती कुत्री पुन्हा घाट काही चढली नाही, पण क्वार्टरच्या दारात धन्याला सामोरी जायला लागली. भगीरथ ते कसाऱ्यापासून शहापूरपर्यंत सांगत सुटला. हायवेवरच्या धाब्यांचे राखणदार कुत्रे, शहापूरच्या दुकानदारांचे, धनगरांचे, सगळे यायला लागले. चिडवणारे गप्प झाले.

ती कुणालाही खोटी आशा द्यायची नाही. एकदा शहापूरच्या एका बाईंनी गाडीतून धसईच्या बाजारात मोठा अल्सेशियन आणला होता. तिनं पोटाखाली हात घालून बघितलं, मागच्या पंजाला चिमटा घेतला. कुत्र्याला कळलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "ह्याला आता माझं औषध नको, तुमचा हात हवा. जवळ बसा." त्या बाई तिथंच रडायला लागल्या. जनानं त्यांना पाणी दिलं, आणि म्हाताऱ्या जिवाला जाताना आपलं माणूस जवळ लागतं एवढंच बोलली. औषधानं म्हातारपण जात नाही, दुखणं उतरतं. चालायचं काम ज्याचं त्यानंच करायचं, हे ती प्रत्येकाला आधी सांगायची.

भुऱ्याचं काम दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. मी गौरीगणपतीच्या सुट्टीत वाडीवर राहिले होते, नंतर दर रविवारी जायचे.

पोचलो त्याच संध्याकाळी जना मला ओढ्याकाठी घेऊन गेली. तिथं निरगुडीची झुडपं होती. तिनं एका झुडपाच्या मुळाशी चार अक्षता ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून म्हणाली, "उद्या सकाळी न्यायला येते. म्हाताऱ्याचं काम हाय. चल हो माझ्यासंगं." आवतण दिल्याशिवाय ती पाला तोडायची नाही. मला ते फार आवडलं. आपण देवाला बोलावतो, पाव्हण्याला बोलावतो. झाडाला न विचारता ओरबाडतो.

सकाळी पाला आणून तिनं मोहाच्या बियांच्या तेलात टाकला. हे तेल गार झालं की तुपासारखं थिजतं. वाडीत त्यात भाजीही करतात. पाला तेलात मंद विस्तवावर काळा होईपर्यंत ठेवायचा, चिमूटभर हळद घालायची, गाळायचं. मग ते कोमट तेल तिनं बोटावर घेतलं आणि चाटलं. तोंड वाकडं केलं, कडू लागलं असणार. मी बघतच राहिले.

"बघतेस काय? कुत्र्याच्या पाठीला लावलेलं त्याच्या पोटात जायचंच. जे माझ्या जिभेला चालत नाय ते त्याच्या पाठीला नाय." मग हसली. "कुंडलिकदादानं बिब्बा चाटून बघितला असता तर बरं झालं असतं. तोंड त्याचं सुजलं असतं."

ती मणक्यावर कधी दाबायची नाही. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, मानेपासून शेपटीकडं, अंगठ्यांनी हळूहळू उतरत यायची. भुऱ्या आधी गुरगुरायचा. चारपाच दिवसांत ती बसली की तो आपणहून आडवा व्हायचा. चोळून झालं की कोंडा आणि निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून पुरचुंडीत बांधायचा, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचा आणि मग शेकायचं. खायला नाचणीची आंबील आणि मूठभर जवळा. बिस्किटं बंद. "मोडक्या आढ्यावर कौलं चढवायची नसतात," ती म्हणायची. हळूहळू भुऱ्याच्या बरगड्या हाताला लागायला लागल्या.

खरं काम ओढ्यात व्हायचं. त्याच्या पोटाखालून लुगड्याची पट्टी घ्यायची, दोन्ही टोकं वर धरायची आणि त्याला त्याच्या छातीएवढ्या पाण्यात उतरवायचं. पाण्यात त्याचं वजन हलकं व्हायचं. मी पट्टी धरायची, जना पाण्यात वाकून त्याचे मागचे पाय एकाआड एक पुढं टाकायची, सायकलचे पायडल फिरवावेत तसे.

"उचल रं राजा. हा उजवा. आता डावा. डावा म्हंजे तो नव्हं, हा!"

बरेच दिवस पाय नुसते तिच्या हातांबरोबर हलायचे. मग एका रविवारी मी पट्टी धरून उभी होते, आणि जनानं पाण्यातून दोन्ही हात वर काढले. भुऱ्याचा पाय पाण्याखाली आपला आपण हलला. एकदा. मग पुन्हा. मी "अगं बाई!" म्हणून ओरडले, तर तिनं ओठावर बोट ठेवलं. "गप. त्याला मोजून नको दाखवूस, नायतर थांबंल." पण तिचे डोळे भरले होते. त्या दिवशी वाडीवर तिनं गूळ वाटला.

नवरात्र बसलं तेव्हा भुऱ्या सारवलेल्या अंगणात पट्टीशिवाय उभा राहत होता. अष्टमीपर्यंत अंगण ओलांडायला लागला. डुलत, वाकडा, दारू प्यायल्यासारखा, पण स्वतःच्या चार पायांवर. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा मामा गोठ्याकडं निघून गेले. पण त्या रात्री ते जेवताना दोनदा म्हणाले, "उतरंल का गो तो टेप?"

दसऱ्याला सकाळपासून आमच्या अंगणात माणसं जमली. काहींना आपट्याची पानं द्यायची होती, पण बरेच जण जनाचा शब्द बघायला आले होते. हिराबाईसुद्धा आली. मी दारात रांगोळी काढली होती, खळ्याच्या अवजारांची पूजा मांडली होती. मामांची नजर सारखी वाटेवर. पूजेशेजारी दोर ठेवलेला होता आणि तोच नारळ, बाजारातून आणलेला.

ऊन चढल्यावर जना आली. एकटी. पायांवर पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला.

मामा उठून उभे राहिले. "कुठं हाय?"

"आणला नाय."

"म्हंजे?"

"पहाटं निघालो होतो. टेपाच्या उतारावर त्याचा मागचा पाय सरकला. पडला नाय. उठला, चालाया लागला. पण त्याची पाठ बघितली मी. कंबर थरथरत होती." तिनं घाम पुसला. "हाकलला असता तर आला असता, दादा. तुमच्या आंगणापर्यंत आला असता. तुमचा वास आला असता तर धावत आला असता. आणि मग परत उठला नसता. मी उचलून घेऊन परत गेले, वाडीवर पेंढ्यात ठेवला, बुधूला त्याच्याजवळ बसवला आणि सांगायला आले. माझा शब्द पडला."

मग हिराबाईच म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "अगो, उचलून आणायचा आणि वेशीवर सोडायचा. दहा पावलं चालला असता. कुणाला कळलं असतं?"

"वाघोबाला," जना म्हणाली. "आणि भुऱ्याला. माझ्या जिभेपायी त्याची पाठ मोडू?"

मी आजवर देवळांत पुष्कळ कीर्तनं ऐकली आहेत. पण त्या अंगणात चिखलाच्या पायांनी उभं राहून जना जे बोलली, तसं मी कुठं ऐकलं नाही. तिला काय जातंय ते सगळ्यांना कळत होतं. बापानं दिलेली, साऱ्या जन्माची एकच गोष्ट तिनं हातातून सोडली होती, आणि तिची मान खाली नव्हती. माझ्या सासऱ्यांपुढं मी कधी चारचौघांत पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी मी पुढं झाले, ताटातली आपट्याची पहिली पानं जनाच्या हातात दिली आणि तिच्या पाया पडले.

मामांनी पायात वहाणा घातल्या. दोर खांद्यावर टाकला, नारळ पिशवीत घातला.

"चल," ते जनाला म्हणाले. "मला बघू दे."

आम्ही तिघं निघालो. वाडी दिसायला लागली तेव्हा जनानं फक्त एवढं सांगितलं, की हाक मारू नका, त्याला उगाच घाई होईल. मामांनी मान हलवली. पण अंगणाच्या कडेला आल्यावर त्यांना खोकला आला. त्यांचा तो नेहमीचा, खळ्यावर उठतानाचा खोकला.

पेंढ्यात भुऱ्याचे कान उभे राहिले. बुधूनं त्याला धरायला हात पुढं केला, जनानं नको म्हणून खूण केली. भुऱ्यानं आधी पुढचे पाय रोवले. मग मागचा एक पाय पोटाखाली ओढला. मग दुसरा. थरथरत उठला, थांबला, आणि सारवलेल्या जमिनीवरून, नखं रुतवत, डुलत डुलत मामांच्या दिशेनं आला. मामा खाली बसले. भुऱ्यानं त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली आणि शेपटी हलवायला गेला, तर सगळं मागचं अंगच हललं.

मामांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तेलानं केस चपचपीत झाले होते. मग पिशवीतून नारळ काढला, अंगणातल्या दगडावर फोडला, खोबऱ्याचा तुकडा जनाच्या हातात दिला. "डोंगराला दिला तो दिला. तुझी वाडी पण डोंगरातच हाय. हितंच ऱ्हाऊ दे थंडी सरंपर्यंत. मग खळ्यावर नेतो. लादीवर नाय, गोठ्यात, मातीवर."

"न्या. तुमचाच हाय."

"आणि तू तुझं काम कर. शब्द पडला-बिडला काय नाय. चालला की तो माझ्यासमोर! मी सांगतो बाजारात सगळ्यांना."

"सांगा की. पण आंगणात येईल म्हणले होते मी. नाय आला." जनानं खोबरं तोंडात टाकलं. "तुमाला माफ करता येईल, दादा. तुमच्या नावानं नव्हते बोलले मी, वाघोबाच्या नावानं बोलले."

मामांनी पुष्कळ समजावलं. बुधूनंही समजावलं. ती हो म्हणाली नाही आणि चिडलीही नाही. भुऱ्या थकून परत पेंढ्यात जाऊन पडला. ऊन कलत होतं, त्याच्या शेकण्याची वेळ झाली होती. चुलीवर तेलाचं भांडं होतं. जना त्याच्याकडं बघत उभी राहिली, दोन्ही हात लुगड्यात पुसत, जणू ते कुठं ठेवावेत तेच तिला कळत नव्हतं.

मग ती माझ्याजवळ आली. मामांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, पण बोलली माझ्याशीच.

"बाय, ह्याची पाठ अजून लई दिवस चोळायची हाय. आता सोडली तर होतं तेपण जाईल. आणि ह्याच्यामागं आणखी येतील, त्यांना मी दारातनं कशी घालवू? माझ्या हातांनी वाघोबाची आण घेतलीय. तुझ्या हातांनी नाय घेतलेली." तिनं माझी मनगटं धरली. तिचे तळवे खरबरीत होते आणि गरम. "तुझे हात दे मला. रोज जमणार नाय, माझं काय म्हणणं नाय. रविवारी ये, बाजाराच्या दिवशी ये. मी बाजूला बसून सांगते, तू कर."